नाशिकचा चोथा, काटोलचा संत्रा आणि मधली अळी

दिवस पहिला : दिंडोरी

सेवाग्राम एक्सप्रेसने रात्री नागपूर सोडलं, सकाळी नाशिकरोड. फेब्रुवारीत नागपूरकराने स्वेटर पेटीत टाकलेला असतो; नाशिकला यायचं तर तो काढून बरोबर घ्यावा. दिंडोरीच्या रस्त्याला लागेपर्यंत कान गार पडले होते आणि मिसळीच्या रश्श्यानेच काय ती ऊब आली. आपल्या तर्री पोह्यांच्या तर्रीपेक्षा हा रस्सा पातळ, पण पोटात बराच वेळ टिकतो.

यायचं कारण एकच. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याच्या सालींचे आणि गळलेल्या फळांचे ढीग सडतात, तसा इकडे वाइनच्या द्राक्षांचा चोथा सडतो. इथे काही शेतकरी तो काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांना चारतात, अळ्या कोंबड्यांना घालतात आणि मागे राहिलेलं खत पुन्हा बागेत नेतात. हे सगळं नागपूरच्या हवेत कसं बसवायचं, ते पाहायचं होतं.

वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च चालते. प्रेस उघडला की मागे कोरडसर, दाबलेला लगदा पडतो: साली, बिया, थोडा गर. १०० किलो द्राक्षांमागे हा चोथा साधारण २० ते २५ किलो. देठांचे ३ ते ५ किलो आधीच वेगळे निघतात, ते यात धरायचे नाहीत. दोन ढीग शेजारी होते आणि फरक हाताला लगेच कळत होता. शेनिन ब्लांकचा चोथा हिरवट, चिकट, गोड. पांढऱ्या वाइनमध्ये रस आधी पिळतात आणि मग आंबवतात, म्हणून साखर चोथ्यात राहते. शिराझचा चोथा जांभळा, सुटा, नाकात जाणारा. तांबड्या वाइनमध्ये साली रसासोबतच आंबतात, म्हणून साखर संपलेली, पण दारूचा अंश शिल्लक. अळीच्या दृष्टीने ही दोन वेगळी खाद्यं आहेत. टाकीच्या तळाचा गाळ तिसरा. तो यीस्टमुळे पौष्टिक असतो, पण इतका पातळ की एकटा क्रेटमध्ये ओतला तर चिखल होतो.

हा चोथा तसाच वेलीच्या बुडाशी टाकण्याची चूक आजही होते. त्याचा सामू (पीएच) ३.५ ते ४ च्या आसपास, म्हणजे आंबट, तुरट टॅनिन भरपूर, बी लाकडासारखं कडक. कुजताना तो जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि वेल पिवळी पडते. ढीग करून ठेवला तर खालून तपकिरी पाणी झिरपतं, आणि विहीर जवळ असेल तर ते सरळ तिच्यात जातं. नुसतं कंपोस्ट करायचं म्हटलं तर बियांमुळे महिनोन्महिने लागतात.

जाणाऱ्यांसाठी: तोडीच्या दिवसांत वायनरीत कुणाला बोलायला वेळ नसतो. दुपारी दोननंतर जावं, पहाटे तोडलेली द्राक्षं तोवर प्रेसमधून गेलेली असतात. गमबूट न्यावेत. चोथ्याचे जांभळे डाग कापडावरून जात नाहीत.

दिवस दुसरा : अळ्यांची शेड

ज्या ताई ही शेड चालवतात त्यांनी आधी बसवून चहा दिला आणि मग विचारलं, "नागपूरला उन्हाळ्यात माश्या जगवाल कशा?" प्रश्न खरा होता. उत्तर पाचव्या दिवशी शोधायचं होतं.

माशी म्हणजे हर्मेशिया इल्युसेन्स. घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही. मोठी झाली की जवळजवळ काही खात नाही, पाणी तेवढं लागतं, आणि आठवडाभर जगते. तेवढ्यात मादी एकदाच सुमारे ५०० अंडी घालते, तीही खाद्यात नाही, खाद्याजवळच्या कोरड्या फटीत. म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या पातळ पट्ट्या मध्ये टाचण्या घालून एक-दोन मिलिमीटरची फट ठेवून बांधतात आणि आंबट वासाच्या डब्यावर ठेवतात. इथे वासासाठी चोथाच वापरला होता आणि तो उत्तम चालतो. १ ग्रॅम अंडी म्हणजे ३५ ते ४० हजार नग. चार दिवसांत फुटतात.

अंडी सरळ खाद्यात टाकायची नाहीत, बुरशी धरते. ओलवलेल्या कोंबडीखाद्यावर जाळी आणि जाळीवर अंडी; फुटलेल्या अळ्या आपसूक खाली पडतात. पाच दिवस त्यांना हेच चांगलं खाद्य मिळालं पाहिजे. पहिल्या दिवसापासून चोथा दिला तर टॅनिन आणि आंबटपणापुढे निम्म्या टिकत नाहीत.

शेडची मोठी सोय अशी की प्रत्येक क्रेटवर खडूने तारीख होती. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंतची सगळी वाढ एका फेरीत पाहता आली. पहिल्या दिवसाच्या क्रेटमधल्या अळ्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, खाद्यच हलतंय असं वाटतं. नवव्या दिवसाच्या क्रेटवर तळहात एक बोटभर वर धरला तर वाफ लागते. बाहेर पत्र्यावर दव होतं आणि क्रेटच्या मध्यावर खुपसलेला थर्मामीटर ३६ दाखवत होता. कान जवळ नेला तर सुपात तांदूळ हळूहळू फिरवावेत तसा आवाज. तो थांबला तर समजायचं, खाद्य संपलं किंवा काहीतरी बिघडलं.

मापं लिहून घेण्यासारखी आहेत. ६० बाय ४० सेंटिमीटरचा, १७ सेंटिमीटर उंच क्रेट. त्यात पाच दिवसांच्या १०,००० अळ्या. बारा दिवसांत एकूण १५ किलो ओलं खाद्य तीन हप्त्यांत: पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी. अळ्या मोजायच्या म्हणजे एक चमचा अळ्या काट्यावर तोलून मोजायच्या आणि त्यावरून वजनाने बाकीच्या काढायच्या. चांगल्या भाजीच्या कचऱ्यावर एका क्रेटमधून दीड ते दोन किलो अळ्या मिळतात. चोथ्याच्या मिश्रणावर कमी आणि दोन-चार दिवस उशिरा. हे मान्य करूनच हिशेब मांडावा.

मिश्रण हाच सगळा खेळ आहे. चोथ्यात पाणी ६०-६५ टक्के, भाजीच्या कचऱ्यात ८५ ते ९०. निम्मं-निम्मं घेतलं की ७५ च्या जवळ येतं, वेगळं पाणी घालावं लागत नाही. मूठभर दाबलं तर बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर गव्हाचा कोंडा घाला, काहीच आलं नाही तर वाइनचा गाळ शिंपडा. कोंड्याने नत्रही वाढतो आणि चोथ्यात तोच कमी असतो. तांबडा चोथा आधी दोन दिवस पातळ पसरून उडू द्यायचा, नाहीतर दारूच्या वाफेने अळ्या क्रेटच्या भिंती चढतात. आंबटपणाची फार काळजी नको. सुरुवातीला थोडी चुन्याची निवळी पुरते. एकदा अळ्या जोरात आल्या की त्याच सामू आठच्या पुढे नेतात.

बिया मात्र आधी काढा. चोथा एक दिवस उन्हात वाळवायचा, काठीने झोडायचा आणि ५ मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर घासायचा. बी खाली, साल वर. कोरड्या चोथ्याच्या वजनात बियांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो आणि अळी त्याला तोंड लावत नाही. न काढता चारलं तर क्रेटची निम्मी जागा न पचणाऱ्या मालाने अडते. शेवटी चाळताना त्याच बिया खतात येतात आणि पावसाळ्यात बागेत द्राक्षाची रोपं उगवतात.

इथे एक क्रेट बिघडलेला होता आणि ताईंनी तो मुद्दाम दाखवला. कामगाराने घाईत मापाबाहेर खाद्य एकदम घातलं होतं, थर १५ सेंटिमीटरच्या वर गेला. खालचा भाग हवेवाचून काळा पडला, आंबून तापला, आणि रात्रीतून अळ्या बाहेर पडून जमिनीवर पसरल्या. अळी पळते ती भुकेने क्वचित. उष्णतेने आणि गुदमरून जास्त. थर पाच-सात सेंटिमीटर, दहाच्या वर कधीच नाही. रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. मुंग्या एका रात्रीत अंड्यांची पट्टी साफ करतात.

दिवस तिसरा : बाग

पिंपळगाव बसवंतच्या बाजूची ही बाग, वेली वाय आकाराच्या मांडवावर, डॉगरिज खुंटावर (ज्या मुळावर कलम बांधतात तो खुंट). बागायतदार काका सत्तरीचे. खत हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाले, "अजून कच्चं आहे, अमोनिया मारतोय." अळ्या चाळून काढल्यावर मागे राहतं ते विष्ठा, अळ्यांनी टाकलेली कात आणि न खाल्लेला चोथा, ज्याला सगळे फ्रास म्हणतात. एका क्रेटमागे चार-पाच किलो ओलसर. ते लगेच द्यायचं नाही. ओलावा ठेवून, दर चार-पाच दिवसांनी पालथं घालत तीन-चार आठवडे मुरवायचं. वास मातीसारखा झाला की तयार. युरोपीय संघाने तर विकायच्या फ्रासला ७० अंशांवर एक तास तापवण्याची अट घातली आहे. घरच्या बागेसाठी कुजवताना ढिगाचं तापमान वर नेलं तरी रोगजंतू बरेच मरतात.

किती द्यायचं यावर काकांची शिस्त पटली. पोती मोजत नाहीत, नत्र मोजतात. कोरड्या फ्रासमध्ये अडीच टक्के नत्र निघाला तर १ टनात २५ किलो. तेवढा शेणखत आणि रासायनिक खताच्या हिशेबातून वजा. वेळ एप्रिलच्या खरड छाटणीची आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधीची. बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा वरंबा) उघडायचा, खत मातीत मिसळायचं, वर पालापाचोळा. मण्यात पाणी उतरायला लागल्यावर मुळीच नाही. तेव्हा मिळालेला नत्र काडीत जातो, पानोरा दाटतो आणि भुरी रोगाला घर मिळतं.

वाइनच्या द्राक्षांत एक गोष्ट जास्त जपावी लागते: पालाश (पोटॅशियम). चोथ्यात तो बराच असतो आणि अळी तो खाऊन संपवत नाही, खतात तसाच उतरतो. खाण्याच्या द्राक्षाला ते चालून जातं. वाइनच्या द्राक्षात पालाश जास्त झाला की रसाचा सामू चढतो, तांबड्या वाइनचा रंग आणि टिकाऊपणा घटतो. म्हणून देठ परीक्षण (पानांच्या देठांतल्या अन्नद्रव्यांची तपासणी) केल्याशिवाय दुसऱ्या वर्षी फ्रास द्यायचा नाही. तांब्याचंही तसंच. वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारलेल्या सालींतलं तांबं खताचं वजन घटताना दाट होतं. माती आणि फ्रास दोन्हींची तपासणी एकदा तरी करावी, ईसी (क्षारांचं माप) सकट, कारण हे खत खारट निघू शकतं आणि संत्र्याच्या जंबेरीसारख्या खुंटाला क्षार सोसत नाहीत. ही ओळ काटोलसाठी वहीत दोनदा अधोरेखित झाली.

दुपारी मांडवाखाली बसून पिठलं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. उन्हाचे तुकडे पानांतून ताटात पडत होते. काकू म्हणाल्या, कोंबड्या आता दाण्याला विचारत नाहीत, अळ्याच मागतात. अळ्या उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून वाळवल्या की टिकतात. कोरड्या वजनात प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास आणि चरबी ३० च्या. फक्त त्यांच्यावर कोंबडी पोसू नये, चुरी-मक्याबरोबर द्याव्यात.

दिवस चौथा : समृद्धीवरून परत

परतीला गाडी केली, कारण बरोबर दोन ड्रम चोथा आणि अळ्यांचे चार डबे होते. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढलं की नागपूरजवळ शिवमडक्याला उतरेपर्यंत साडेपाचशे किलोमीटरच्या वर एकच रस्ता. खाण्याचे डबे बरोबर ठेवा, मधे सोय विरळ आहे.

दुपारी मेहकर मागे पडल्यावर गाडीत ताकासारखा आंबट वास भरला. पांढऱ्या चोथ्याच्या ड्रमचं झाकण घुमटासारखं फुगलं होतं. कडी सैल करताच फेसाळ रस उडाला आणि मागची सीट न्हाऊन निघाली. शेजारचा तांबडा चोथा शांत. कारण सरळ आहे: पांढऱ्यात साखर शिल्लक, सालींवर यीस्ट, वर दुपारचं ऊन, बंद ड्रममध्ये वायू कोंडला. पांढरा चोथा न्यायचा तर ड्रम पाऊण भरावा, झाकणाला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडावं. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

हीच युक्ती साठवणुकीलाही लागते. तोड तीन महिन्यांची, अळ्या वर्षभराच्या. चोथा मुरघासासारखा दाबून, हवाबंद ठेवला तर आंबट असल्यामुळे महिनोन्महिने टिकतो. पहिला आठवडा वायूला वाट ठेवायची, मग पक्का बंद.

अळ्यांचा प्रवास सोपा गेला. पाच दिवसांच्या अळ्या ओल्या कोंड्यात, झाकणाला बारीक जाळी, थर तीन बोटांचा. अंडी आणण्याचा मोह टाळावा. ओलावा सांभाळता आला नाही तर ती वाटेतच सुकतात.

आणि इतका ओला माल इतक्या लांब आणण्यात अर्थ नाही, हेही ड्रम उतरवताना स्पष्ट झालं. दोन ड्रमांतलं निम्म्याहून अधिक वजन पाण्याचं होतं. चोथा जिथे पडतो तिथेच, वायनरीपासून हाकेच्या अंतरावर अळ्यांना मिळाला पाहिजे. नाशिकहून नागपूरला यायला हवी ती रीत. इथला कचरा इथे भरपूर आहे.

दिवस पाचवा : कळमना आणि काटोल

पहाटे नागपूरचा कळमना बाजार. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेला संत्रा उतरत होता. डागी, फुटलेली, दबलेली फळं बाजूला. भाजीच्या भागात कोबीची पानं, मुळ्याचा पाला, टोमॅटो. अडत्याच्या मुनीमजींशी बोलणी झाली. त्यांची अट एकच, "रोज नेत असाल तर देतो जी, एक दिवसाआड नाही." अळ्यांनाही तेच हवं.

तिथून काटोल. शेतकरी दादांच्या घरी पाटोडीचा रस्सा, भात, आणि मग शेड. संत्र्याची अडचण द्राक्षापेक्षा वेगळी आहे. सालीतलं तेल, लिमोनीन, हे कीटकनाशकच. ताज्या सालींवर अळ्या सुस्त पडतात. साली बारीक चिरून चार-पाच दिवस सावलीत पसरायच्या, रोज पालथ्या घालायच्या, तेल बरंचसं उडतं. तरी सुरुवातीला मिश्रणात त्यांचा वाटा चौथाईच ठेवायचा, बाकी भाजीचा कचरा आणि तूरचुनी (तूर भरडताना निघणारा चुरा). अळ्या रुळल्या की पुढे वाढवावा. गर आणि रस पिळलेला चोथा मात्र बिनधास्त.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे घरोघरी असतं: कूलर. माशीच्या खोलीत २७ ते ३२ अंश आणि ६० टक्क्यांवर ओलावा हवा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४५ ला टेकतो आणि हवा इतकी कोरडी की अंडी पापडासारखी वाळतात. गारवा आणि ओलावा दोन्ही एकाच यंत्रातून मिळतात. पण कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, माश्या एका कोपऱ्यात चिकटून बसतात. आणि गारव्यासाठी खोली अंधारी करू नये. ऊन नसेल तर या माश्या जोडीच जमवत नाहीत. पूर्वेची खिडकी, तिच्यासमोर मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा, सकाळचे दोन-तीन तास ऊन. दहानंतर बाहेरून हिरवी नेट. उन्हाळ्यात क्रेटचा थर चार सेंटिमीटरवर आणायचा आणि खाद्य संध्याकाळी द्यायचं.

खत देताना संत्र्याच्या झाडाला एक नियम मोडू नका. फ्रास बुंध्याला टेकवायचा नाही. ओलं सेंद्रिय खत खोडाशी साचलं की फायटोप्थोरा बुरशी धरते आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) सुरू होतो. बुंध्यापासून दोन-अडीच फूट सोडून, फांद्यांच्या घेराखाली गोलाकार, मातीत मिसळून. खोडाला बोर्डो मलम आधीच लावलेला असावा. शंका असेल तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, मातीचा आणि पानांचा नमुना घेऊन जावं.

मोठ्या प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर असा धरा. रोज ५०० किलो मिश्र कचरा असेल तर रोज ३३ नवे क्रेट भरावे लागतात आणि बारा दिवसांच्या फेरीला चारशे क्रेट फिरते लागतात. त्यासाठी रोज १२ ते १४ ग्रॅम अंडी, कारण पाचव्या दिवसापर्यंत शेकडा सत्तरच अळ्या टिकतात असं धरायचं. एवढी अंडी रोज देणारा पिंजरा सांभाळणं हे सगळ्यात कौशल्याचं काम आहे. दादांनी दहा क्रेटपासून सुरुवात केली ते बरोबर केलं.

संध्याकाळी सहाला तीन क्रेट भरले: एकात नाशिकचा शिराझचा चोथा आणि कोबी, दुसऱ्यात उडवलेली संत्र्याची साल आणि तूरचुनी, तिसऱ्यात नुसती भाजी, तुलनेसाठी. दादांच्या मुलीने खडूने तारखा घातल्या. बाराव्या दिवशी चाळायचं, चोथ्याचा क्रेट लागला तर दोन-चार दिवस उशिरा. चाळणी आदल्या दिवशीच धुऊन उन्हात कोरडी करून ठेवायची, ओल्या चाळणीची भोकं फ्रासने पहिल्या पाच मिनिटांत बुजतात.